माया न ठेवलेलं लेथ

"ताईचे डोळे गेले." एवढे तीन शब्द तिच्या धाकट्या भावाने एका गिऱ्हाइकासमोर उच्चारले. ताईने ते गिळले नाहीत आणि थुंकलेही नाहीत. दाढेखाली धरून ठेवले.

ताई म्हणजे लेथ बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या मालकाची थोरली मुलगी. तिच्याहून वयाने मोठे असलेले कामगारही तिला ताईच म्हणायचे. भावाला घरात बाळ म्हणत. कानशिलं पांढरी झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो बाळच राहिला. कारखान्यात मात्र तो शेठ होता, आणि शेठ म्हटलेलं त्याला जास्त आवडायचं.

लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि हत्यार सरकत सरकत त्याला कापतं. हत्यार ज्या रुळांवरून सरकतं ते वाकडे, तर तुकडाही वाकडा. म्हणून लेथचा जीव त्याच्या बेडमध्ये असतो. बेड म्हणजे बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माणसाच्या उंचीहून लांब पाया, आणि त्याच्या पाठीवरचे हे रूळ. मशीनवर तासून आणलेला बेड डोळ्याला सरळ दिसतो. दिसतो तेवढाच.

तिथून पुढे ताईचं काम सुरू व्हायचं. एक खात्रीची सरळ पट्टी घ्यायची, तिला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती रुळावर अलगद फिरवायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तो ठिपका स्क्रेपरने खरवडून काढायचा. पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके, पुन्हा खरवडणं. ठिपके सगळीकडे सारखे आणि दाट पसरले, की रूळ झाला. यात हाताचा जोर कामाचा नाही. स्क्रेपरचं मागचं लाकडी टोक कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि सगळं अंग पुढे लोटायचं. ताईच्या उजव्या कमरेवर त्याचा घट्टा होता आणि नखांच्या कडा कायमच्या निळ्या होत्या. तिचा नवरा बस चालवायचा. "घट्टा बघूनच हो म्हटलं मी," तो पाहुण्यांना सांगायचा. "म्हटलं, ही बाई कधीतरी धक्का मारून बससुद्धा चालू करील."

हे काम तिला बाबांनी शिकवलं आणि त्याच्याबरोबर एक शब्दही दिला. कपडा शिवताना शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. बाबांनी तो शब्द उचलून लोखंडाला लावला.

"नवं लेथ अगदी बरोबर करायचं नाही," ते जेवताना सांगायचे, घास हातात तसाच ठेवून. "आज बरोबर केलंत, तर उद्या झिजून ते चुकणार. म्हणून आज केसाच्या शतांशाएवढं उलट्या अंगाने चुकवायचं. मग ते झिजत झिजत बरोबर होत जातं. माया ठेवा, पोरांनो, माया."

म्हणजे नव्या लेथवर गोल चकती कापली, तर ती मध्यभागी नखालाही कळणार नाही इतकी खोलगट निघायला हवी. यंत्र झिजेल तसा तो खोलगा भरत येतो. पहिल्याच दिवशी सपाट कापणारं यंत्र झिजलं, की चकतीला पोट सुटतं. खोलगट चकती आपल्या कडेवर ठाम बसते. पोट सुटलेली डुगडुगते.

ताई हे ऐकायची. शेजारी बसलेला बाळ खिडकीबाहेर बघायचा. त्याला यंत्रं बनवण्यापेक्षा ती विकण्यात गोडी होती, आणि विकायचा मात्र तो फक्कड.

बाबा गेल्यावर गाडा दोघांनी ओढला. ती बेड करायची, तो गिऱ्हाइकं आणायचा. बिघडलं ते एका ऑर्डरच्या घाईत. ओतलेलं बीड लगेच वापरायला घेत नाहीत. थंड होताना त्याच्या अंगात ताण राहतो, म्हणून ते कारखान्याच्या आवारात उन्हाथंडीत मुरू देतात. मुरलेले बेड संपले होते आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. बाळने नुकताच ओतलेला बेड तासायला लावला. ज्यांनी तो ओतला होता ते ओतारी काका, बाबांच्या वेळचे, स्वतः येऊन सांगून गेले, "शेठ, कच्चा आहे." ताईही म्हणाली, "बाळ, हा हलेल."

"अगं, बीड आहे ते," बाळ हसत म्हणाला. "वासरू आहे का हलायला?"

ताईने बेड केला. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी तो सरळ होता. पुढे गिऱ्हाइकाकडे उभ्या उभ्या त्याने अंग पिळलं. गिऱ्हाईक तणतणत शेडमध्ये आलं, तेव्हा बाळने एकदा बेडकडे बघितलं, एकदा ताईकडे. तिला त्याच महिन्यात जवळचा चष्मा लागला होता आणि तो दोरीने गळ्यात लोंबत होता.

"ताईचे डोळे गेले," बाळ म्हणाला, अगदी हळहळून.

सगळ्यांनी चष्म्याकडे बघितलं. तिथेच निकाल लागला. ताई तेव्हा बोलली असती, तर गिऱ्हाइकासमोर भाऊ खोटा पडला असता आणि बाबांचा कारखानाही बसला असता. ती गप्प राहिली. संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर तो आपणहून बोलेल, निदान माफ कर म्हणेल, अशी तिची समजूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या जागेवर दुसराच माणूस उभा होता. "तू आता आराम कर," बाळ म्हणाला. ताईने बाबांचा स्क्रेपर तिथेच फळीवर ठेवला आणि ती घरी आली.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या वर्कशॉपवाल्यांनी आपल्या पट्ट्या आणि सपाट्या, म्हणजे सपाटपणा तपासायच्या लोखंडी फरशा, खरवडून घ्यायला तिच्याकडे आणणं बंद केलं. भाजीवालीसुद्धा एकदा मायेने म्हणाली, "ताई, निवडून देऊ का मी? दिसतं ना तुम्हाला?" ताईने स्वतः निवडून भाजी घेतली आणि घरी येऊन पिशवी आपटली.

"मला काय हवंय सांगू?" ती नवऱ्याला म्हणाली. "त्याने त्याच शेडमध्ये, माणसांसमोर, 'बेड कच्चा होता' एवढंच म्हणायला हवं."

नवऱ्याने बोटांवर मोजलं. "त्याचे तीन शब्द, तुझे तीन शब्द. फिट्टंफाट. पण तो कशाला म्हणेल?"

"म्हणेल."

"तुझा राग म्हणजे आमची जुनी डिझेल गाडी आहे बघ," तो म्हणाला. "तापायला वेळ घेते. पण एकदा तापली की बंद करणाऱ्याच्या बापालाही ऐकत नाही."

मधे वर्षं गेली. तिच्या जागेवर आलेला माणूस एक दिवस दुसरीकडे निघून गेला. नेमकी त्याच सुमाराला बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक असलेल्या, पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याची लेथची मागणी आली. आणि बाळ ताईच्या दारात आला.

खुर्चीच्या कडेवर बसून त्याने आधी हवापाण्याचं बोलून घेतलं. मग म्हणाला, "ताई, एक बेड करून दे. तुझ्यासारखा हात मला मिळत नाही."

"डोळे गेले ना माझे?"

"जाऊ दे ना आता ते. किती दिवस धरून बसायचं?" तो सरसावून बसला. "हे बघ, हे लोक स्वतः डायल लावून तपासणार आहेत. सुई जराही हलता कामा नये. शून्य पाहिजे मला."

"शून्य?" ताईने विचारलं.

"शून्य."

"नीट विचार करून सांग. शून्यच ना?"

"अगं, शून्य म्हणजे शून्य! आणि एक कर. तू केलंस हे बाहेर बोलू नकोस. मी केलं असं सांगेन मी. गिऱ्हाइकाच्या मनात उगाच शंका नको."

ताई उठली. तिने चहा केला, त्याला दिला आणि त्याच्याकडे बघून हसली. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "तू हसलीस तेव्हा मला बाळची कीव आली."

तिने पहिल्या दिवशी बेडवर हात फिरवला. या वेळी बीड मुरलेलं होतं. तेवढं बाळ शिकला होता. म्हणजे यापुढे जे होईल त्याचं खापर बीडावर फोडता येणार नव्हतं. फळीवरचा बाबांचा स्क्रेपर तिने उतरवला, दगडावर धार लावली आणि कामाला लागली.

आयुष्यात इतकं चोख काम तिने केलं नव्हतं. रुळांवरचे ठिपके एकसारखे, दाट, जसे काही छापलेले. हत्यार आडवं सरकतं त्या भागाशी ती येऊन पोचली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचं अंग त्या केसाच्या शतांशाकडे आपोआप वळलं. तिने ते थांबवलं. मागे आली. जिथे माया ठेवायची तिथे तिने ती काढून टाकली, चिमटीने वेचावी तशी. सुई शून्यावर आली आणि शून्यावरच राहिली. बाळ रोज येऊन डायलमध्ये डोकवायचा आणि खूश होऊन जायचा. बाबांच्या तोंडचा तो शब्द त्याला आठवला नाही, आणि ताईने आठवण करून दिली नाही.

ओळखलं ते ओतारी काकांनी. ते सहज म्हणून आले, त्यांनी डायल लावला, हत्यार या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवलं. सुई मेल्यासारखी पडून होती. काकांनी मान वर केली.

"पोरी, माया कुठे आहे?"

"संपली, काका."

काकांनी डायल पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि ते निघून गेले.

पंपवाल्यांचा मॅनेजर आला. सुई हलली नाही. बाळने टाळी वाजवली, कामगारांना वाजवायला लावली आणि बेडपाशी स्क्रेपर घेऊन फोटो काढून घेतला. तो फोटो मोठा करून शेडच्या भिंतीवर लागला. त्यात बाळने स्क्रेपरचं टोक पोटावर टेकवलं होतं. तसं धरून खरवडायला गेला असता, तर आतडी बाहेर आली असती. ताईने फोटो नीट बघून घेतला. तिला तो फार आवडला. बाळने आपल्या हातांनी आपल्याभोवती भिंत बांधली होती, दारही बुजवून.

आता फक्त वाट बघायची होती. नवऱ्याची बस पंपांच्या कारखान्यावरून जायची. ताई कधीकधी त्या बसने जायची आणि खिडकीतून त्या लांब शेडकडे बघायची. आत ते लेथ चालू असणार, हत्यार पुढेमागे सरकत असणार, आणि प्रत्येक फेरीत रूळ कणाकणाने खाली जात असणार. ती खिडकीपाशी बसून ते झिजणं जवळजवळ चाखायची. "आपलं उतरायचं ठिकाण गेलं की," नवरा आरशातून ओरडायचा.

मग एका दुपारी एक अनोळखी माणूस दारात आला. हडकुळा, हातात जड पिशवी, नाकावर नवाकोरा चष्मा. त्याला त्या चष्म्याची सवय नव्हती. उंबरा ओलांडताना तो अडखळला.

"मावशी, मी पंपांच्या कारखान्यात लेथवर टर्नर आहे. म्हणजे होतो. ओतारी काकांनी पाठवलं. म्हणाले, त्या लेथचं दुखणं तुम्हालाच कळेल."

"होतो म्हणजे?"

"आता झाडू मारतो." त्याने पिशवीतून चकत्या काढल्या. पंपाच्या झडपेत बसणाऱ्या, आरशासारख्या कापलेल्या. "गेले काही महिने माझ्या चकत्या गळतात. घट्ट बसत नाहीत. मॅनेजरनी लेथवाल्या शेठना बोलावलं. ते आले, यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, टर्नरचे डोळे तपासून घ्या." त्याने चष्मा काढून पुसला. "मावशी, खरं सांगू? हा घातला की मला कमी दिसतं."

ताईने एक चकती आपल्या सपाटीवर ठेवली आणि बोटाने टिचकी मारली. पोट सुटलेली चकती भोवऱ्यासारखी फिरली आणि फिरतच राहिली.

हे बघायला ती इतके दिवस थांबली होती. पण तिने मनात जे बेतलं होतं त्यात हा माणूस कुठेच नव्हता. तिथे फक्त बाळ होता, एकटा. राग कमी झाला नाही. बाळ तेच शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावर इतक्या सहज फेकतो, हे कळल्यावर रागाला आणखी धार आली. एवढंच, की त्या धारेचं एक टोक आता तिच्या स्वतःच्या बाजूलाही होतं.

"तुमच्याकडे आमच्या बाबांनी केलेलं जुनं लेथ आहे ना?" तिने विचारलं.

"कोपऱ्यात पडलंय. चालतं अजून."

"त्याच्यावर एक चकती काप. स्वतःच्या हाताने, हा चष्मा न लावता. आणि उद्या मॅनेजरला घेऊन आमच्या शेडमध्ये ये."

दुसऱ्या दिवशी ताई शेडमध्ये शिरली तेव्हा मॅनेजर, टर्नर आणि बाळ आधीच उभे होते. कामगार आपापल्या जागेवर काम करत असल्याचं नाटक करत होते. ओतारी काका दारापाशी पेटीवर बसले होते.

ताईने सपाटी पुसली. नव्या लेथवरची चकती ठेवली, टिचकी मारली. ती फिरली. मग टर्नरने आणलेली दुसरी ठेवली, टिचकी मारली. ती जागची हलली नाही, बसली ती बसलीच.

"दोन्ही यानेच कापल्यात," ती मॅनेजरला म्हणाली. "न हलणारी आमच्या वडिलांच्या लेथवर. म्हणजे हात चांगला आहे, डोळेही चांगले आहेत." मग ती बाळकडे वळली. "बाळ, नव्या लेथचा बेड कुणी केला?"

बाळने भिंतीकडे बघितलं. त्याच्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. भिंतीवर तो पोटाला स्क्रेपर लावून हसत होता.

त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. ताईने केला म्हणावं, तर तो फोटो खोटा, आणि आंधळी म्हणून घरी बसवलेल्या बहिणीला चोरून कामाला लावलं हेही बाहेर येणार. आणि मी केला म्हणावं, तर...

"मी," बाळ म्हणाला.

"मग डोळे कुणाचे गेले?"

"ताई, आपण आत बसून बोलू."

"मागच्या वेळी आत बसलो नव्हतो."

"माझे," बाळ पुटपुटला.

"मशीनचा आवाज आहे. ऐकू आलं नाही."

कुणीतरी जाऊन मशीन बंद केलं.

"माझे डोळे गेले," बाळ म्हणाला.

मॅनेजर वैतागला. "ते ठीक आहे हो, पण आमचं यंत्र कोण नीट करणार?"

बाळच्या हाताशी दुसरं कुणी नव्हतं. "ताई करेल."

"यांचे डोळे गेलेत असं ऐकलं होतं मी. इथूनच."

ताईने चष्मा काढला, पदराने सावकाश पुसला आणि पुन्हा लावून भावाकडे बघत राहिली. दारातल्या पेटीवर ओतारी काका खाकरले.

"नाही," बाळ म्हणाला. "तेव्हा... बेड कच्चा होता. तिने सांगितलं होतं मला. काकांनीही सांगितलं होतं."

दाढेखालचं काहीतरी सुटल्यासारखा ताईने एक आवंढा गिळला. मॅनेजरने टर्नरला उद्यापासून मशीनवर यायला सांगितलं. टर्नर निघताना ताईच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला दोन्ही हातांनी अर्ध्यातच अडवलं.

"मावशी, तुमच्यामुळे वाचलो."

ताईने मान फिरवली. ते लेथ असं का निघालं, हे तिने त्याला तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. ती एक गोष्ट मात्र तिच्या दाढेखालीच राहिली.

लेथ शेडमध्ये परत आलं. ताईने पुन्हा निळा रंग लावला, पुन्हा पट्टी फिरवली. बाळ स्वतः चहा घेऊन यायचा आणि कप ठेवून रेंगाळायचा. शेवटच्या दिवशी त्याने डायल लावला. हत्यार सरकवताना सुई शून्यापासून हलकेच बाजूला गेली, जिथे जायला हवी तिथे. त्याने हत्यार मागे आणून पुन्हा एकदा सरकवलं.

"ताई, बाबा काहीतरी म्हणायचे ना? जेवताना?"

"म्हणायचे."

"मागच्या वेळी तू ती ठेवली नव्हतीस."

"तू शून्य मागितलं होतंस."

"अगं, पण आठवण करून द्यायचीस की!"

"विचारलं होतं मी. दोनदा."

बाळने चहाचा रिकामा कप उचलला, परत खाली ठेवला. "आणि आता? आता ठेवलीस ना?"

"यंत्राला ठेवलीय," ताई म्हणाली.

तिने स्क्रेपरला तेलाचा हात दिला आणि फडक्यात गुंडाळला. बाळने तो घ्यायला सवयीने हात पुढे केला, फळीवर ठेवण्यासाठी. ताईने तो आपल्या पिशवीत घातला. बाहेर रस्त्यावर नवऱ्याने बस थांबवून हॉर्न दिला, एकदा लांब, एकदा तोकडा. ती चालायला लागली.